प्रवासाचे दप्तर



मूल पाठीवर जे दप्तर घेऊन शाळेत येते, त्या शब्दाचा जुना अर्थ कागदपत्रांचा संग्रह असा आहे. फारसीतून आलेला हा शब्द मराठी राज्यकारभारात रुळला. ही परंपरा महाराष्ट्रापुरती राहिली नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मोडी लिपीतील कारभार सुरू झाला. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. या ग्रंथालयाचे वैभव वाढविणारे सरफोजीराजे दुसरे 1820 ते 1822 या काळात काशीयात्रेस गेले आणि परतताना संस्कृत हस्तलिखिते घेऊन आले.

त्या काळच्या कारकुनाचे प्रवासी साहित्य मोजके असे. बोरू, तो तासण्यासाठी चाकू, शाईची दौत, ओली अक्षरे टिपण्यासाठी बारीक वाळू आणि कागद बांधण्यासाठी रुमाल. काजळ व डिंक यांची शाई उन्हाने फिकट होत नसे. मात्र पाणी लागले की ती पसरे. म्हणून रुमालाची घट्ट गाठ लेखणीइतकीच महत्त्वाची होती.

आजच्या प्रवाशाची पिशवीही इतकीच आटोपशीर असावी. त्रिभुज प्रदेशात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो. त्यामुळे पाण्याने न पसरणारी पेन्सिल, टोकयंत्र, एक बॉलपेन, शिवलेल्या बांधणीची छोटी वही, तिकिटांसाठी लिफाफा, डिंकाची कांडी आणि हे सारे ठेवण्यास प्लॅस्टिकची बंद पिशवी पुरेशी आहे. रंगीत पेनांचा संच घरी राहिला तरी चालेल. पिशवी मोठ्या सामानात न ठेवता हाताशी ठेवावी. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीतून नावे आणि अंक प्रथम गळतात.

वहीत डावे पान मोकळे ठेवावे. स्वामीमलै येथे मूर्तिकार मेणाच्या प्रतिमेवर कावेरीच्या गाळाचा लेप देतात, तो वाळवितात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातूचा रस ओततात. हे टप्पे उजव्या पानावर रेखाटावेत आणि डाव्या पानावर कारागिराकडूनच तमिळ शब्द लिहून घ्यावा. ‘तमिळ’ या शब्दातील अंत्य वर्णाचा उच्चारही मराठी ‘ळ’हून निराळा आहे, केवळ कानावर विसंबून तो नेमका उतरत नाही. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे घरी आपली मराठी बोलतात, पण त्यांचे लेखन बहुधा तमिळमध्ये होते. त्यांच्या वृद्धांच्या तोंडचा एखादा वेगळा शब्द, त्यांच्या अनुमतीने, गाव आणि दिनांकासह टिपला गेला, तर तो टिकेल.

अक्षरही सुवाच्य हवे. मोडी जाणणारे आज थोडे उरल्याने तंजावरच्या कागदांतील पुष्कळ मजकूर वाचकाची वाट पाहत आहे. जे लिहिले ते पुढच्यास वाचता आले नाही, तर ते न लिहिल्यासारखेच ठरते.

पालकांनी पुढील सहलीपूर्वी मुलांच्या हाती अशी पिशवी द्यावी. तिच्यात काय घ्यायचे, हे मुलांनीच ठरवावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या प्रवासवह्यांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयास द्यावी. हीरक महोत्सवी वर्षातील त्याहून उपयुक्त भेट क्वचितच असेल.