अंकांचा कंठा

‘चिमा काय कामाची’ हे वाक्य लहानपणी आपल्यापैकी कोणी उलटे वाचून पाहिले नसेल? जी मौज अक्षरांत, तीच अंकांतही आहे. १२३४५६५४३२१ ही संख्या घ्या. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती सारखीच.

या संख्येचे आपल्या सीमाभागाशी जुने नाते आहे. कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड हे गाव आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. नवव्या शतकात तेथे राज्य करणाऱ्या अमोघवर्षाची स्तुती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या आपल्या संस्कृत ग्रंथाच्या आरंभी केली आहे. इ. स. ८५० च्या सुमाराच्या या ग्रंथात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावयास सांगितले आहे. उत्तर येते ते वरचेच. १३९ ला १०९ ने गुणिले असता १५१५१ येतात. अशा काही उत्तरांना आचार्य कंठिका, म्हणजे गळ्यातील कंठा, म्हणतात. दोन्ही बाजूंचे मणी सारखे, तेव्हा नाव सार्थच नव्हे काय?

४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. या दोहोंचा गुणाकार ११११११. अर्थात आपला कंठा म्हणजे सहा एकांच्या संख्येचा वर्ग होय.

वर्गात हे सांगताना मी एकदा म्हणालो, “कितीही एक घ्या, वर्ग केला की कंठा तयार.” एका मुलीने विचारले, “सर, दहा घेतले तरी?” मी घाईने होकार दिला. दुसऱ्या दिवशी तिने सबंध गुणाकार मांडून आणला: १२३४५६७९००९८७६५४३२१. कंठा तुटला होता. साऱ्या वर्गापुढे मला माझी चूक मान्य करावी लागली.

मग आम्ही कारण शोधले. गुणाकार मांडताना एकांच्या ओळी एकेक घर सरकत एकीखाली एक येतात. त्यामुळे उभ्या बेरजा एक, दोन, तीन अशा चढतात आणि तशाच उतरतात. नऊ एकांपर्यंत हातचा येत नाही. दहा एक घेताच मधल्या घरात दहा जमतात आणि हातचा डावीकडे जातो. उजवीकडे तो कधीच जात नाही. म्हणून दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत.

नऊ वेळा खरे ठरले ते दहाव्यांदा खरे ठरेलच, असे गणित मानीत नाही. ते कारण विचारते, आणि कारण संपले की नियमही संपतो. हा धडा मी इतरांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. मला तो त्या मुलीने शिकविला. आपल्या घरातील मुलाने “असे का?” म्हणून विचारले, तर होकार देण्यापूर्वी त्याच्याबरोबर एकदा गुणाकार मांडून पाहावा, एवढीच विनंती.