सावलीतला पारा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आपलं व्याख्यान संध्याकाळी साडेसहाला असतं. साडेसहाच का, असं कुणी विचारत नाही. वैशाखात दुपारी तीनची वेळ ठेवली तर मी येणार नाही आणि तुम्ही तर नाहीच नाही. पण हा मांडव आज दुपारी घातला गेला. दोनच्या सुमारास मी माइक बघायला म्हणून आलो होतो, तेव्हा दोन पोरं वर बांबूवर बसून सुतळी आवळत होती. एकाने डोक्याला रुमाल बांधला होता, दुसऱ्याकडे तोही नव्हता. आज मला या पोरांबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही. नोकरीभर रस्ते केले, म्हणजे दुसऱ्यांकडून करून घेतले. त्या हिशेबाने जे दिसलं ते सांगतो.

उद्या पेपरात येईल, ‘पारा ४३ वर’. हा पारा बघतात कुठे? वेधशाळेच्या आवारात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्या भिंती झडपांच्या असतात. वारा आत खेळतो, ऊन मात्र शिरत नाही. एकोणिसाव्या शतकात ती बनवली थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने. हा माणूस दीपगृहं बांधायचा. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचाच मुलगा. तर पेपरातला ४३ हा त्या पेटीतला, म्हणजे सावलीतला आकडा. शास्त्राला तो तसाच हवा, नाहीतर अकोल्याची आणि नाशिकची तुलनाच करता येणार नाही. पण ज्याच्या डोक्यावर थेट ऊन आहे, पायाखाली तापलेली खडी आहे आणि शेजारी दीडशे अंशांच्या घरातलं डांबर आहे, त्याचा हा ४३ नव्हे.

त्याचा आकडा काढायची रीत आहे, आणि ती जुनी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलात शिकाऊ सैनिक कवायतीत उष्माघाताने पडू लागले, तेव्हा ती बसवली गेली. तीन तापमापक घ्यायचे: एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, एक काळ्या गोळ्यात बसवलेला, एक साधा. हिशेबात ओल्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २० आणि आपल्या नेहमीच्या साध्या तापमापकाला फक्त १०! ओल्याला एवढा मान का, ते माठाला विचारा. नागपुरात मे महिन्यात माठाचं पाणी दात शिवशिवावेत असं गार होतं. तोच माठ मुंबईत ठेवला तर हवा दमट असल्यामुळे पाणी जेमतेम गार होतं. घामाचंही तसंच आहे. तो वाळला तरच अंग निवतं, नुसता ओघळला तर काही उपयोग नाही. म्हणूनच हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंशांपासून विचार करतं आणि किनाऱ्यावर ३७ पासून. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला एका पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण दगावले, त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. आणि ती माणसं बसलेली होती, घमेली उचलत नव्हती.

आता एक माझ्यावरच येणारी गोष्ट. नव्वदच्या दशकातली, मराठवाड्यातली. रोजगार हमीवर खडी फोडायचं काम चाललं होतं. वि. स. पाग्यांच्या खटपटीतून उभी राहिलेली ही योजना. तिचा १९७७ चा कायदा आपल्याला भूषणच आहे. पण शेतात काम नसतं तेव्हा तिच्यावर गर्दी होते, म्हणजे नेमकी उन्हाळ्यात. एक बाई टोळीत नवी आली होती, तिचा तिसरा दिवस. एकच्या सुमारास हातोडी तशीच हातात धरून ती बसल्या जागी बडबडायला लागली. शेजारणीला वाटलं, अंगात आलंय. मी पन्नास पावलांवर जीपच्या सावलीत एमबी, म्हणजे मोजमापाची वही, लिहीत होतो. कुणीतरी ओरडलं. तिच्या हाताला हात लावला तर तवा. अंगावर हंडाभर पाणी ओतलं, पदराने वारा घातला, जीपमध्ये घालून दवाखान्यात नेली. वाचली. अशी बडबड, असं कोरडं तापलेलं अंग दिसलं की पुढची काही मिनिटंच काय ती हातात असतात, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आम्ही पाणी ओतलं ते घाबरून, समजून नव्हे.

आठवडा संपला तेव्हा खडीचे ढीग मोजले. टोळीचे दोन-तीन तास गेले होते, ढीग कमी भरला, सगळ्यांचीच मजुरी कमी निघाली. मोजमाप माझं होतं, नोंदही माझ्याच अक्षरातली. नियमात एक रेघ चुकलेली नव्हती.

तिसरा दिवस, हे मी मुद्दाम सांगितलं. शरीराला ऊन अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून अमेरिकेतली कामगार-आरोग्याची सरकारी संस्था सांगते, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या. आपल्याकडे नाक्यावर सकाळी आठला उभा राहणारा मजूर रोज नव्या मालकाकडे जातो आणि पहिल्या दिवसापासून शंभर टक्के! गावाकडे लग्नाला जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला जुना गडीही उन्हाच्या दृष्टीने थोडाफार नवाच. हे किती मुकादमांना ठाऊक असेल?

आपण काय करतो, तर उपदेश. टोपी घाला, पाणी प्या, कांदा जवळ ठेवा. ऑस्ट्रेलियाने १९८१ मध्ये अंगभर सदरा, मलम आणि टोपी यांची गाणी म्हणत मोठी मोहीम काढली. तिथल्या गोऱ्या कातडीला कॅन्सरचं भय फार, ते ठीकच. आपल्या कातडीला ते भय कमी आहे, पण डोळे सगळ्यांचे सारखेच. मोतीबिंदू, डोळ्यात मांस वाढणं, यांमागे वर्षानुवर्षांचं ऊन असतं. रुंद काठाची टोपी आणि बरा गॉगल या चैनीच्या वस्तू नव्हेत. पण अंग झाकायला मजुरांना आपण शिकवायचं? बीडकडच्या ऊसतोडीच्या बायका साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला गच्च फडकं बांधतात. पाणी प्यावं हेही त्यांना कळतं. तरी त्या कमी पितात, कारण जायला आडोसा नसतो. म्हणजे पाण्याची टाकी आणून ठेवली तरी काम अर्धंच होतं. मुतारीचाही हिशेब त्याच कागदावर यायला हवा.

आणि विसावा? जिथे मजुरी टनावर किंवा ब्रासवर मिळते, तिथे सावलीत बसलेली दहा मिनिटं स्वतःच्या खिशातून जातात. अशा मजुराला ‘मधून मधून विश्रांती घ्या’ असं पत्रक देणं ही मला थट्टा वाटते.

कायद्याला ऊन कळतच नाही असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० वर कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाण्याची सोय मालकावर टाकली. पण तो छपराखालच्या माणसांचा कायदा. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात मात्र कामाच्या जागी पिण्याचं पाणी, प्रथमोपचार आणि मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली, असं लिहिलं गेलं. सरकारी कागदावर सावली हा शब्द वाचून मला बरं वाटलं होतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी एखादी बाभळ दाखवून काम भागायचं. कतारमध्ये तर २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतं, आणि मघाच्या त्या तीन तापमापकांचा आकडा ३२.१ च्या वर गेला तर कुठल्याही वेळी. फुटबॉलच्या विश्वचषकामुळे जगाचे डोळे तिकडे लागले होते, त्याचा हा परिणाम. कोकणातली कितीतरी घरं आखातावर चालतात. तिकडे दुपारी सक्तीने थांबणारा मुलगा इकडे सुटीवर येऊन स्वतःचं घर बांधायला काढतो, तेव्हा त्याच्या स्लॅबवर बारा वाजता माणसं असतातच.

मी इंजिनिअर आहे, म्हणून शेवटी निविदेवरच येतो. डांबर किती अंशांवर घालायचं हे निविदेत लिहिलेलं असतं. डंपर आला की मालात थर्मामीटर खुपसून बघतात. माल गार पडलेला असेल तर परत पाठवतात, आणि त्यावर कंत्राटदारही वाद घालत नाही. तो माल पसरणारा माणूस किती तापलाय हे बघायची मात्र एकही ओळ नाही. ती घाला. शेडनेट, बाकडी, पाणी, दुपारचे बंद तास आणि त्या तासांची मजुरी, हे सगळं अंदाजपत्रकात दर लावून धरा. ज्याचा दर लागतो ते साइटवर येतं, ज्याचा लागत नाही ते भाषणात राहतं. इतक्या वर्षांत मी दुसरं काही पाहिलं नाही. काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवलं आणि चारनंतर पुन्हा धरलं तर रस्ता दोन दिवस उशिरा होईल. होऊ दे. आपले रस्ते कधी वेळेवर झाले होते?

परवा हा मांडव सोडायचा आहे. दुपारी बाराऐवजी सकाळी आठच्या आत सोडता येईल का आणि त्या पोरांना हजेरी पूर्ण दिवसाची मिळेल का, असं मी संयोजकांना विचारलंय. मांडववाल्याशी बोलून सांगतो म्हणालेत.