शेजाऱ्याचे म्हणणे आणि शेजाऱ्याची सही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईतील एखादी जुनी चाळ पाडून तेथे उंच इमारत उभी राहावयाची असते, तेव्हा त्या चाळीतील रहिवाशांना महिनोन्‌महिने आधी त्याची वार्ता असते. सभा होतात, नकाशे हातोहाती फिरतात, दोन तट पडतात, सह्या गोळा केल्या जातात. परंतु त्याच गल्लीत, चार हातांच्या अंतरावर, समोरच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट केव्हा कळते? बहुधा जागेभोवती पत्रे ठोकले जातात त्या दिवशी. मग जमिनीत भोके पाडणारे यंत्र येते. भिंतीला तडा जातो. पाण्याचा दाब कमी होतो. दोन-तीन वर्षांत गॅलरीतले ऊन कायमचे जाते. या कुटुंबाने तक्रार केलीच, तर त्याला दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘तुमचा यात काय संबंध?’ आणि दुसरे, ‘तुम्हाला किती हवेत ते सांगा.’

शहरांतील बांधकामाच्या परवानगीचा प्रश्न या दोन उत्तरांत अडकून पडला आहे. पहिले उत्तर शेजाऱ्याला म्हणणे मांडण्याचा हक्कच नाही असे सांगते. दुसरे तो हक्क मान्य करते, पण बाजारात विकावयाची वस्तू म्हणून. समाजवादी विचाराला ही दोन्ही उत्तरे अमान्य असली पाहिजेत. मात्र ती का अमान्य, आणि तिसरे उत्तर कोणते, याचा विचार आजवर पुरेसा झालेला नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. या कायद्याने संपूर्ण शहराच्या विकास आराखड्यावर नागरिकांना हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार निरर्थक नाही. मुंबईचा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा लोकांच्या प्रक्षोभामुळे त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजूला ठेवून नव्याने तयार करण्याचा आदेश शासनाला द्यावा लागला, आणि सुधारित आराखडा 2018 साली अमलात आला. म्हणजे संघटित नागरिकांचे म्हणणे सरकारला ऐकावे लागते, हे सिद्ध झाले आहे.

परंतु आराखड्यावरून एकेका इमारतीकडे वळले की चित्र पालटते. कलम 44 खाली अर्ज करावयाचा, कलम 45 खाली तो मंजूर वा नामंजूर व्हावयाचा. हा सारा व्यवहार अर्जदार आणि नियोजन प्राधिकरण या दोघांतला. शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे बंधन येथे नाही. कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येते, पण ते ‘अर्जदाराला’. परवानगी नाकारली म्हणून बिल्डर अपील करू शकतो. परवानगी दिली म्हणून शेजारी करू शकत नाही. त्याला उरतो तो न्यायालयाचा रस्ता. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेडावर व हवेवर हक्क सांगता येतो खरा. पण तो दिवाणी दाव्यात शाबीत करावा लागतो. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीतील भाडेकरूने वकील लावून हा दावा वर्षानुवर्षे चालवावा, ही अपेक्षा म्हणजे हक्क कागदावर ठेवून व्यवहारात काढून घेणे होय.

याउलट, ज्या जागेवर इमारत उभी राहणार तेथील रहिवाशांच्या संमतीचा कायद्यात मोठा गाजावाजा आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी 1991 च्या नियमावलीत 70 टक्के रहिवाशांची संमती आवश्यक होती. आजच्या नियमावलीत ती 51 टक्क्यांवर आली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीही 2019 च्या शासन निर्णयाने 51 टक्के सभासदांची मान्यता पुरेशी ठरविली. एका आडमुठ्या माणसाने शंभर कुटुंबांना मोडकळीस आलेल्या इमारतीत अडकवून ठेवू नये, हा या बदलामागचा युक्तिवाद. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु संमती म्हणजे केवळ आकडा, असे एकदा ठरले की विकासकाचे माणूस चर्चा करावयास येत नाही, सह्या मोजावयास येते. एक्कावन्नावी सही मिळाली की उरलेल्या एकोणपन्नासांशी बोलण्याचे कारण संपते. आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याची टक्केवारी तर शून्यच धरलेली असते.

येथे अर्थशास्त्रातील एक जुना वाद उपयोगी पडतो. आर्थर पिगू यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की एखाद्याच्या उद्योगाचा तोटा तिसऱ्याच माणसाला सोसावा लागत असेल, तर बाजारातील किंमत खरा खर्च सांगत नाही. तेथे शासनाने हस्तक्षेप केला पाहिजे. चाळीस वर्षांनी, 1960 साली, रोनाल्ड कोझ यांनी याला उत्तर दिले. त्यांनी लंडनमधील एका जुन्या खटल्याचे उदाहरण घेतले. एका मिठाईवाल्याची यंत्रे वर्षानुवर्षे चालत होती. शेजारच्या डॉक्टरने त्यांच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून दावा लावला. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोझ यांचे म्हणणे असे की हक्क कोणाचा हे एकदा स्पष्ट झाले आणि बोलणी करावयास खर्च पडत नसला, तर ते दोघे आपसांत सौदा करून उभयतांच्या फायद्याचा मार्ग काढतील.

बिल्डरांचे समर्थक या सिद्धान्ताचा पहिला अर्धा भाग विसरतात. कोझ यांनी अटी घातल्या होत्या: हक्क स्पष्ट हवा आणि बोलणीचा खर्च नसावा. आपल्या गल्लीत शेजाऱ्याचा हक्क स्पष्ट नाही, आणि बोलणीचा खर्च एका बाजूला काहीच नाही तर दुसऱ्या बाजूला असह्य आहे. मिठाईवाला आणि डॉक्टर निदान तोलामोलाचे तरी होते. येथे एका बाजूला वास्तुविशारद, वकील व भांडवल, आणि दुसऱ्या बाजूला दिवसपाळीहून परतलेला माणूस. याला सौदा म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

त्याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. इमारतीभोवती नियमाने जितकी मोकळी जागा सोडावयास हवी, तितकी सोडणे अडचणीचे असेल तर अधिमूल्य भरून आयुक्तांकडून सवलत मिळविता येते. ही मोकळी जागा कोणासाठी असते? दोन इमारतींच्या मध्ये उजेड-वारा खेळावा, अग्निशामक गाडी वळावी, यासाठी. म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड कमी होतो, त्याची किंमत ठरते, ती किंमत वसूलही होते. फक्त ती पोहोचते सार्वजनिक तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले त्याला ना पैसा मिळतो, ना आपल्या उजेडाचा व्यवहार झाल्याची खबर. परवानगीच्या तपशिलाचा फलक बांधकामाच्या जागी लागतो, पण तो परवानगी मिळून गेल्यावर. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने घर घेणाऱ्या ग्राहकाला संरक्षण दिले, हे चांगलेच झाले. शेजारी मात्र ग्राहक नसल्यामुळे त्याही कायद्याच्या बाहेर राहिला.

मग शेजाऱ्याच्या हाती नकाराधिकार द्यावा काय? येथे कार्यकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे. शेजारी नेहमीच दुबळा नसतो, आणि त्याचा आक्षेप नेहमीच न्याय्य नसतो. वसतिगृह, कामगारांची घरे, पुनर्वसनाची इमारत उभी राहावयाची असली की आसपासच्या सुखवस्तू सोसायट्या वाहतूक, पार्किंग आणि ‘परिसराचे स्वरूप’ यांविषयी अचानक जागरूक होतात. त्या सभ्य शब्दांआड पुष्कळदा जात असते, धर्म असतो, शेजारच्या स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी असते. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरविला. वेगळे राहण्याच्या इच्छेला कायद्याचे एवढे पाठबळ असताना, वर नकाराधिकारही दिला तर गरिबाला शहरात पाय ठेवावयास जागा उरणार नाही.

समाजवादी चळवळीने हे अनुभवाने जाणले पाहिजे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे, 1976 च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन, गोरेगावला दिंडोशी येथे सामान्य माणसांसाठी सुमारे सहा हजार घरे उभी करविली. तो कायदा महाराष्ट्राने 2007 साली मोडीत काढला, हा वेगळ्या दुःखाचा विषय. पण अशा वसाहतीला आसपासच्या प्रत्येक मालकाची संमती आवश्यक असती, तर तिची एक वीट तरी चढली असती काय?

म्हणून भेद करावयाचा तो असा. काय बांधले जाणार आणि त्याचा उजेड, पाणी, मलनिःसारण, भिंती व रस्ता यांवर काय परिणाम होणार, याविषयी शेजाऱ्याला बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. तेथे कोण राहावयास येणार, याविषयी बोलण्याचा त्याला कोणताही हक्क नाही.

हा भेद कायद्यात उतरविता येतो काय, अशी शंका कोणी घेईल. आयर्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे 1963 च्या नियोजन कायद्यापासून परवानगीविरुद्ध तिसऱ्या पक्षालाही अपील करता येते. अर्जदाराला अर्जाआधी वृत्तपत्रात आणि प्रत्यक्ष जागेवर सूचना लावावी लागते. पाच आठवड्यांत कोणीही आपले म्हणणे मांडू शकतो, आणि ज्याने ते मांडले त्याला निर्णयानंतर चार आठवड्यांत अपिलात जाता येते. इंग्लंडमध्ये शेजाऱ्याचे म्हणणे ऐकतात, पण अपिलाचा हक्क त्यालाही नाही. आयर्लंडमध्ये या अपिलांमुळे घरे रखडतात अशी टीका होते आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु 2000 सालच्या तेथील कायद्यात एक मार्मिक तरतूद करण्यात आली: केवळ विलंब लावण्यासाठी, किंवा पैसा वा अन्य लाभ उकळण्यासाठी केलेले अपील फेटाळून लावता येते. म्हणजे हक्क दिला आणि त्याच वेळी त्याचा बाजार भरू नये याचीही काळजी घेतली.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्या सहकारी संस्थांमध्ये, चाळ समित्यांमध्ये कार्यकर्ते आहेत, त्यांनी स्वतःच्या पुनर्विकासाच्या वेळी शेजाऱ्यांशी कसे वागावे, हे त्यांच्याच हाती आहे. नकाशा कायम होण्यापूर्वी तो गल्लीत नेऊन दाखवावा. कायम झाल्यावर दाखविलेला नकाशा हा निरोप असतो, विचारणा नसते. जोत्याचे काम सुरू होण्याआधी शेजारच्या भिंतींची, जुन्या तड्यांची पाहणी तटस्थ अभियंत्याकडून करवून तिची प्रत शेजाऱ्यांना द्यावी, म्हणजे पुढे ‘हा तडा आधीचाच’ असा वाद उरत नाही. कामाचे तास, राडारोड्याची वाट, पाण्याच्या टँकरची वेळ ही लेखी ठरवावीत. शेजाऱ्यांना दिलेली आश्वासने विकासकाशी होणाऱ्या करारनाम्यात अटी म्हणून घालावीत. तोंडी शब्दाला पहिल्या पावसाळ्यानंतर कोणी वाली राहत नाही. बोलणी मालकाशीच नव्हे तर भाडेकरूंशी, आणि पुरुषांशीच नव्हे तर दिवसभर त्या घरात वावरणाऱ्या बायकांशीही करावी. आणि एकाही शेजाऱ्याला एकट्याला गाठून पाकीट देऊ नये. भरपाई द्यावयाची तर ती उघडपणे, सर्वांना एकाच नियमाने. एकाला गुपचूप दिलेले पाकीट पहिल्या दिवशी विरोध शमविते, आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गल्लीला परस्परांविषयी संशय घ्यावयास शिकविते.

पक्षाने मागणी करावयाची ती पुढीलप्रमाणे असावी. परवानगीपूर्वी लगतच्या सर्व रहिवाशांना, भाडेकरूंसह, मराठीत नोटीस द्यावी. घटनेच्या 243-एस कलमाने अस्तित्वात आलेल्या प्रभाग समितीपुढे जाहीर सुनावणी व्हावी आणि निर्णय कारणांसहित दिला जावा. अपिलाचा हक्क शेजाऱ्यालाही मिळावा, पण ठरावीक मुदतीत व ठरावीक कारणांपुरता. रहिवाशांची जात, धर्म, आहार वा उत्पन्न हे कारण ग्राह्य धरू नये. पैसे घेऊन मागे घेतलेल्या हरकतीची चौकशी व्हावी. आणि मोकळ्या जागेच्या सवलतीपोटी मिळणारे अधिमूल्य प्रथम त्याच गल्लीतील पाणी, गटारे व दुरुस्तीवर खर्च व्हावे.

मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ शहराचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींवाचून चालला. त्या काळातही इमारती चढतच होत्या. लोकांना विचारल्यावाचून शहर बांधता येते, याची सत्तेला झालेली ही सवय धोक्याची आहे. ती मोडावयाची तर सुरुवात आपल्या गल्लीतून करावी लागेल. ज्याची चाळ पडणार आहे त्या कार्यकर्त्याने पत्रे ठोकले जाण्यापूर्वी समोरच्या चाळीचा जिना चढावा, नकाशा उलगडावा, आणि तेथील माणसांना त्यांचे काय म्हणणे आहे ते विचारावे. सहीचा कागद त्या दिवशी घरी ठेवून जावे.