वाळूवर जोर चालत नाही

महाडच्या माणसानं वाळूवर गाडी चालवण्याविषयी बोलावं, याचं काही श्रोत्यांना नवल वाटेल. महाड आणि पोलादपूर या आमच्या दोन तालुक्यांच्या वाट्याला आले आहेत ते घाट, भातखाचरं आणि लाल चिखल. समुद्र काही आमच्या दारात नाही. पण महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड, दासगाव करत अखेर हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते, आणि रविवार आला की आमच्या गाड्याही तिच्या मागोमाग तिकडे उतरतात. त्यांतल्या काही पुळणीत रुततात. माझं महाडला गॅरेज आहे. सोमवारी दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांच्या पोटातली वाळू आदल्या दिवशीची सगळी हकिगत सांगून जाते.

गेल्या काही वर्षांत चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच दिसू लागल्या. २०२० साली नव्या रूपातली थार आली, २०२३ साली जिम्नी आली. त्याआधी जिप्सी होती, आणि तिच्याही आधी जुनी जीप. गाड्या उत्तम आहेत, यात शंका नाही. पण गाडी घेतली की एक गैरसमज तिच्यासोबत फुकट घरी येतो. चार चाकं फिरतात म्हणजे गाडी कुठेही जाते, असा तो गैरसमज. वास्तविक गाडी पुढे जाते ती खालची जमीन चाकाला आधार देते म्हणून. जमिनीनंच आधार काढून घेतला, तर दोन चाकांची गाडी दोन खड्डे खणते आणि चार चाकांची चार.

आणखी एक गोष्ट. उंच दिसणारी प्रत्येक गाडी चारचाकी ताकदीची नसते. एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. तेव्हा आपल्याकडे नक्की काय आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आधी वाचावं.

आमच्या भागातला ड्रायव्हर चिखलात तयार झालेला असतो. लावणीच्या दिवसांत गावच्या वाटेवर गाडी अडली की तो ॲक्सिलरेटर दाबतो. चाकं गरगरतात, टायरच्या खाचांत भरलेला चिखल उडून जातो, टायर खालच्या मुरमापर्यंत पोचतो आणि गाडी निघते. निदान पुष्कळदा निघते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडच्या रस्त्यांवर गाळाचा थर बसला होता, पण त्या गाळाच्या खाली डांबर होतं, काँक्रीट होतं. चिखलाला बहुधा असा तळ असतो. सुक्या पुळणीला चाकाच्या उपयोगाचा तळच नसतो. तिथे चाक गरगरलं की ते घमेल्यासारखं काम करतं. प्रत्येक फेऱ्याला थोडी वाळू मागे टाकतं आणि स्वतः खाली जातं. अर्ध्या मिनिटात गाडीचं पोट वाळूवर टेकतं. मग चारही चाकं जवळजवळ अधांतरी फिरत राहतात. चिखलात कमावलेली सवय वाळूत अशी उलटी पडते.

वाळूवर उपयोगी पडतो तो भार पसरण्याचा हिशेब. माणसांसकट गाडीचं वजन दोन टन धरलं, तर प्रत्येक चाकावर सुमारे पाचशे किलो येतात. टायरमध्ये ३२ पॉइंट हवा असेल, तर टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा साधारण २२० चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे उघडलेल्या पंजापेक्षा थोडी मोठी. एवढ्याशा जागेवर पाचशे किलो! हवा १६ पॉइंटवर आणली की ही जागा जवळजवळ दुप्पट होते. टायर रुंदीला फारसा वाढत नाही. तो लांबीला पसरतो, आणि लांबट ठसा वाळूला कमी कापतो. म्हणून पुळणीवर उतरण्यापूर्वीचं पहिलं काम म्हणजे हवा कमी करणं. १६ ते १८ पॉइंट बहुतेक गाड्यांना पुरतात. त्याखाली गेलं तर वळताना टायर रिमवरून निसटण्याची भीती असते. आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. त्यासाठी हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत असायलाच हवा.

ही युक्ती आजची नाही. राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी घेऊन हिंडला. त्या मोटारींना चारचाकी ताकद नव्हती. तो टायरमधली हवा कमी करी, आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पट्ट्या सरकवी. वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूवर त्यानं लिहिलेलं शास्त्रीय पुस्तक १९४१ साली निघालं. वाळूचा स्वभाव आधी समजून घ्यायचा आणि मग गाडी घालायची, हा त्याचा क्रम आजही बदललेला नाही.

वाळूचा स्वभाव आपल्या मुलांनाही माहीत असतो. सुक्या वाळूचा किल्ला होत नाही. ओलसर वाळूचा होतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. पाणी जास्त झालं की तोच किल्ला बसतो. किनाऱ्यावरही हे तीन पट्टे दिसतात. वरचा सुका पट्टा भुसभुशीत, मधला ओलसर पट्टा कठीण आणि पाण्यालगतचा पट्टा भिजून फसवा झालेला. पाण्याच्या कडेनं गाडी उडवत नेण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि तीच सगळ्यात धोक्याची जागा.

आता नव्या गाड्यांतल्या बटणांविषयी. चाक घसरू लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कमी करतं. पावसाळ्यात आंबेनळी घाटात ते जीव वाचवील. वाळूत मात्र नेमकी गती हवी असते तेव्हा ते ती काढून घेतं. म्हणून अशा गाड्यांत ते बंद करण्याची किंवा वाळूसाठी वेगळी सोय निवडण्याची व्यवस्था असते. फोर-लो गिअर वाळूत शिरण्यापूर्वी लावायचा, रुतल्यावर नव्हे. वेग कमी पण एकसारखा ठेवायचा. वळण मोठं घ्यायचं. थांबायचं असेल तर ब्रेक दाबू नये, गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि तीही शक्यतो उताराकडे तोंड करून. ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूचा बांध उभा राहतो आणि निघताना आधी तो ओलांडावा लागतो.

एका पौर्णिमेला सकाळी मी हरिहरेश्वरच्या बाजूला एका स्नेह्याकडे होतो. आठच्या सुमारास निरोप आला, गाडी बसली आहे. जाऊन पाहतो तो नवी कोरी फोर बाय फोर पोटावर बसलेली, टायरमध्ये ३३ पॉइंट हवा, चौघं जण मागून ढकलताहेत आणि गाडीवाला ॲक्सिलरेटर दाबून आहे. तिथल्या एका कोळीबाबांनी एकच वाक्य ऐकवलं, ‘‘शेट, आज उधाण हाय.’’ मग सगळे गप्प झाले. इंजिन बंद केलं. फावड्यानं पोटाखालची वाळू उपसली, चाकांमागे उतरती वाट खणली, हवा १५ वर आणली, फळ्या घातल्या आणि आलेल्याच चाकोरीतून गाडी हळूहळू मागे घेतली. पाऊण तास लागला. त्यानंतर थोड्याच वेळात त्या खड्ड्यात लाट शिरली.

भरतीची वेळ किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असते. आपल्यासाठी सोपा ठोकताळा असा : तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणपट करायचा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. हा अंदाज आहे, नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक पाहावं.

दोराविषयीही सांगायला हवं. रुतलेली गाडी ओढताना ताणलेला दोर किंवा हूक सुटला, तर तो गोळीसारखा येतो. गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या हुकालाच दोर बांधावा, आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करावं. गाडी गेली तर पुन्हा घेता येते.

आणि मुळात पुळणीवर गाडी घालावीच का? अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे आणि पोलीस गुन्हेही नोंदवतात. पण भीती फक्त दंडाची नाही. सावित्रीच्या मुखाशी पलीकडे वेळास आहे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. हरिहरेश्वर आणि दिवेआगरच्या पुळणीवरही ही कासवं येतात. मादी भरतीरेषेच्या वर, सुक्या वाळूत, हात-दीड हात खोल सुमारे शंभर अंडी घालते. म्हणजे जिथे आपली गाडी रुतते, नेमकी तीच जागा. वरून चाक गेलं तर अंडी दबतात. आणि चाकोरी तशीच राहिली, तर रात्री समुद्राकडे निघालेलं बोटभर पिल्लू तिच्यात अडकतं. आपल्याला वीतभर वाटणारी ती चाकोरी त्याला दरीसारखी असते.

तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला लावून पुळणीवर पायी जावं. ही विद्या मात्र शिकून ठेवावी, कारण आमच्या तालुक्यांना तिची खरी गरज पावसाळ्यात लागते. तळियेवर दरड कोसळली त्या दिवशी, २२ जुलै २०२१ ला, पाण्यानं आणि दरडींनी वाटा अडल्या होत्या. अशा वेळी मदत घेऊन निघालेली गाडी एकुलत्या एका वाटेवर रुतून बसली, तर मागची सगळी मदत तिच्यापाशी थांबते. म्हणून वाळू असो, नदीकाठची रेव असो की पुराचा गाळ, गाडी घालण्यापूर्वी खाली उतरावं, दहा पावलं चालून पाहावं आणि पाय किती रुततो ते बघावं. वाहत्या पाण्यात तर गाडी घालूच नये. शंका आली तर मागे फिरावं. चारही चाकांची ताकद मागे फिरण्यासाठीही तितकीच उपयोगी पडते.