हिरड्यांचा दाह व घरांतील हळद



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं हिरड्यांसारखा क्षुल्लक विषय मीं कां निवडावा, असें कोणास वाटेल. परंतु प्रौढ वयांत दांत गमावण्याचें एक मोठें कारण हिरड्यांचा रोग होय. आणि तो बहुधा दुखत नाहीं, म्हणूनच फसवितो.

दांतांवर जंतूंचा चिकट थर रोज सांचतो. डेन्मार्कमध्यें हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९६५ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १२ निरोगी जणांनीं दांत घासणें थांबविलें. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुनः सुरू होतांच त्या पूर्ववत् झाल्या. थर तसाच राहिला, तर मात्र कित्येकांच्या बाबतींत जंतूंशीं लढतां लढतां शरीर आपलेंच हाड झिजवितें, आणि दांत हलूं लागतात.

या दाहावर वनस्पति काय करितात? हळदीस पिवळा रंग देणारें कर्क्युमिन हें द्रव्य इ. स. १८१५ त प्रथम वेगळें काढण्यांत आलें. दाह चेतविणाऱ्या द्रव्यांची पेशींतील निर्मिति तें मंदावितें, असें प्रयोगशाळेंत दिसतें. पोटांतून तें रक्तांत फारच थोडें शोषिलें जातें. म्हणून तें हिरड्यांवरच लावून लहान लहान प्रयोग झाले. दांत स्वच्छ करून लेप लाविला असतां सूज व रक्तस्राव कमी झाल्याचें त्यांत आढळलें. हिरव्या चहांतील कॅटेचिन व लवंगेंतील युजेनॉल हींही अशींच दाहशामक द्रव्यें होत.

तथापि दगडासारखें कठीण झालेलें कीटण कोणत्याही लेपानें विरघळत नाहीं. तें दंतवैद्यानेंच खरवडून काढावयाचें असतें. हळद ही साहाय्यक आहे, वैद्य नव्हे.

आणखी एक गोष्ट कळकळीनें सांगतों. आपल्या कित्येक माताभगिनी आजही मशेरी लावितात, आणि रक्त थांबलें म्हणून तिला औषध समजतात. वस्तुतः तंबाखूंतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करितें. रक्त दिसत नाहीं, पण रोग आंत वाढतच असतो. मुखाच्या कर्करोगाचें भय तर निराळेंच.

उद्यां सकाळीं थुंकींत रक्ताचा अंश दिसला, तर तो लपवूं नका. मशेरीची डबी घराबाहेर टाका, दोन वेळ दांत घासा, दंतवैद्यास दाखवा. मग हळद खुशाल लावा.