आक्रमणाची बैठक

ज्याला स्वतः चेंडूला पाय लावता येत नाही, पण अकरा जणांच्या यशापयशाचा जाब मात्र द्यावा लागतो, अशा माणसाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करणारा व्यवस्थापक आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या या अवस्थेचाच एक खेळ करावा आणि तो संगणकावर मांडावा, ही कल्पना इंग्लंडात रुजली. केव्हिन टॉम्स या गृहस्थांनी 1982 साली 'फुटबॉल मॅनेजर' या नावाचा खेळ विक्रीस आणला. पुढे 1992 साली पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या बंधूंचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला. आणि 2004 पासून त्यांच्या संस्थेचा खेळ 'फुटबॉल मॅनेजर' याच जुन्या नावाने ओळखला जाऊ लागला. बोटांच्या चपळाईला या खेळात वाव नाही. संघ निवडावा, रचना ठरवावी, प्रत्येकाला काम नेमून द्यावे, आणि मग सामना पाहात बसावे. सरकारी कचेरीत ज्याने वर्षे काढली आहेत, त्याला हा प्रकार अपरिचित वाटू नये. हुकूम आपण लिहावयाचा; त्याचे पुढे काय होते ते मात्र दुसऱ्यांच्या पायांवर अवलंबून!

या खेळातील नवख्या व्यवस्थापकाचे पहिले दुःख ठरलेले असते. चेंडू आपल्याकडे आहे, पास अचूक जात आहेत, पण गोल काही होत नाही. अशा वेळी त्याला सुचणारा उपायही ठरलेला असतो. संघाच्या मनोवृत्तीच्या सात पायऱ्या या खेळात दिलेल्या आहेत, अतिबचावापासून अतिआक्रमणापर्यंत. तो तडक शेवटची पायरी गाठतो, मधल्या फळीतला एक गडी काढून आणखी एक आघाडीवीर घालतो, बचावाच्या दोन्ही बगलांनाही पुढे धावावयास सांगतो, आणि गोलांचा पाऊस पडण्याची वाट पाहतो. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! गोल पडतो तो बहुधा त्याच्याच जाळ्यात.

असे का व्हावे? कारण ही मनोवृत्ती म्हणजे आक्रमणाचे माप नव्हे. ते जोखमीचे माप आहे. पायरी चढत जावी तसा खेळ घाईचा होतो, पास लांबचे व धाडसाचे होतात, बचावाची फळी वर सरकते. समोरचा संघ आपण होऊन पुढे येत असेल, तर त्या घाईचे फळ मिळूही शकते. परंतु प्रतिस्पर्ध्याचे आठ-नऊ गडी आपल्या गोलापुढे दाटीवाटीने उभे असतील, तर त्या दाटीत आपलेही सहा-सात जण लोटून काय साधणार? गर्दीत गर्दी मिसळते एवढेच. चेंडू कोणाच्या तरी पायाला लागून निसटतो आणि आपल्यामागे पसरलेल्या मोकळ्या मैदानातून शत्रू सरळ आपल्या गोलरक्षकापर्यंत येतो.

आक्रमण माणसांच्या संख्येने होत नाही, मोकळ्या जागेने होते. प्रत्यक्ष फुटबॉलच्या इतिहासात याचा एक सुंदर दाखला आहे. 25 नोव्हेंबर 1953 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा 6–3 असा पराभव केला. त्या सामन्यात हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड नान्दोर हिदेगकुती आपल्या नेहमीच्या जागी उभाच राहिला नाही. तो मागे, मधल्या फळीकडे सरकला. त्याला राखणाऱ्या हॅरी जॉन्स्टनपुढे पेच पडला. पाठोपाठ जावे तर मागे खिंडार पडते. जागेवर राहावे तर हिदेगकुतीला चेंडू घेऊन हवे ते करण्यास मोकळीक मिळते. हिदेगकुतीने स्वतः तीन गोल केले. म्हणजे आघाडीच्या टोकाचा एक गडी मागे घेऊन हंगेरीने आपले आक्रमण अधिक धारदार केले!

संगणकावरील व्यवस्थापकालाही हाच पाठ गिरवावा लागतो. गर्दी करून बसलेल्या संघाविरुद्ध प्रथम मैदानाची रुंदी वापरावी, म्हणजे त्यांची भिंत ताणली जाते. डाव्या बगलेचा आघाडीवीर उजव्या पायाचा असेल, तर त्याला आत वळू द्यावे. त्याच्यामागोमाग त्याचा राखणदारही आत ओढला जातो, आणि मोकळ्या झालेल्या कडेने आपला डावा बचावपटू वर चढतो. उजवीकडे मात्र उलट करावे; तेथील बचावपटूने मागे थांबावे. मधला आघाडीवीर खाली उतरून चेंडू मागत असेल, तर त्याने सोडलेल्या जागेत दुसऱ्या कोणीतरी धाव घेतलीच पाहिजे. एकाने यावे आणि एकाने जावे, हा आक्रमणाचा ताल आहे. सगळेच गेले तर चेंडू देणार कोण, आणि सगळेच आले तर घेणार कोण?

सर्वांत महत्त्वाची आहेत ती मागे राहिलेली माणसे. बचावातील तिघे आणि त्यांच्यापुढे मधल्या फळीतील दोघे, असे पाच जण पाय रोवून असले, म्हणजे हल्ल्यातून परत आलेला चेंडू पुन्हा आपल्याच हाती लागतो आणि दुसरी चढाई सुरू होते. त्यांच्या भरवशावरच पुढच्या पाच जणांना धाडस करता येते. आक्रमणाची ही बैठक पक्की नसेल, तर पुढे कितीही शूर उभे करा, त्यांचे अर्धे लक्ष पाठीमागेच राहणार.

मग माणसाची पारख येते. प्रत्येक खेळाडूच्या गुणांना येथे 1 ते 20 असे अंक दिलेले असतात. उंच उडी घेऊन चेंडूला डोके लावील असा आघाडीवीर पदरी नसताना कडेवरून उंच चेंडू टाकण्याचा हुकूम देणे व्यर्थ आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? कागदावरची रचना कितीही देखणी असो, ती हाताशी असलेल्या माणसांना पेलली पाहिजे.

शेवटचा प्रश्न निवाड्याचा. आपली योजना चुकली की नशीब फिरले, हे कसे ओळखावे? 2020 साली निघालेल्या आवृत्तीपासून या खेळात 'अपेक्षित गोल' हे मापही दिले जाते. कोणत्या जागेवरून, कशा परिस्थितीत मारलेल्या चेंडूचा गोल होण्याचा संभव किती, याचा तो हिशेब. पेनल्टीचे मोल सुमारे पाऊण गोलाइतके धरतात. तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याचे मोल त्या मानाने अगदीच क्षुल्लक. वीस फटके मारूनही हे माप एकाच्या खाली राहिले, तर दोष योजनेचा समजावा. आपण नुसते दुरून दगड मारीत होतो. माप मोठे असून गोल झाला नाही, तर तीच योजना आणखी काही सामने चालू द्यावी. बदल करावयाचाच, तर एका वेळी एकच करावा. नाहीतर गुण कशाने आला आणि अवगुण कशाने, हे कधीच कळत नाही.

श्रोतेहो, येथेच हा खेळ खेळापलीकडे जातो. फळ येण्याआधीच उपटून टाकलेल्या योजना राज्यकारभारात काही थोड्या नसतात. एका पराभवाने घाबरून सारे उलटेपालटे करणारा, आणि दहा पराभवांनीही न हलणारा, असे दोघेही अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांवर अन्यायच करतात. हुकूम अपुरा असला तरी दम मात्र धावणाऱ्याचा जातो. म्हणून पुढे व्हा, असे सांगण्यापूर्वी त्याच्यासाठी पुढे जागा केली आहे काय, आणि त्याच्यामागे कोणी उभा आहे काय, एवढे हुकूम सोडणाऱ्याने पाहिले पाहिजे. तेवढे पाहिले, म्हणजे पुढे होण्यासाठी त्याला फारसे ओरडून सांगावेही लागत नाही.