विजेच्या प्रवाहाचे जडत्व



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो दिसायला फार लहान आहे. एका तारेचे वेटोळे, एवढाच तो विषय. परंतु या वेटोळ्यापाशी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या अनुभवातला आहे. शेतावरच्या पंपाचा किंवा जुन्या मोटारीचा स्विच बंद करताना ठिणगी उडते. वीज सुरू करताना ती उडाली तर त्याचे नवल वाटू नये. पण वीज तोडताना, म्हणजे देणे थांबवल्यानंतर, ती का उडावी? देणाराच दूर झाला, मग ही ठिणगी कोणाच्या जोरावर उडते?

हा प्रश्न ज्यांनी प्रथम गंभीरपणे घेतला त्यांत अमेरिकेतील ऑल्बनी येथील शिक्षक जोसेफ हेन्री यांचे नाव अग्रगण्य आहे. विद्युत्घटाची दोन टोके आखूड तारेने जोडून ती तार काढली तर ठिणगी दिसत नाही. तीच तार तीस-चाळीस फूट लांब घेतली तर चांगली ठळक ठिणगी पडते. आणि त्या लांब तारेचे वेटोळे केले तर ती अधिकच जोराची होते, असे त्यांनी 1832 साली प्रसिद्ध केले. इकडे इंग्लंडात फॅरडे यांनी 1831 मध्येच विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला होता. विद्युत्चुंबकाच्या वेटोळ्यातील प्रवाह तोडताना एका साध्या घटावरही हाताला झटका बसतो, ही गोष्ट विल्यम जेन्किन या गृहस्थांनी त्यांच्या निदर्शनास आणली आणि 1834 मध्ये फॅरडे यांनी तिचा पाठपुरावा केला. घट तोच आणि तारही तीच असताना केवळ तिला वेढे दिल्याने एवढा फरक पडतो. याचा अर्थ असा की, प्रवाह चालू असताना त्या वेढ्यांच्या भोवती काहीतरी साठत होते.

ते काय, हे समजण्यासाठी आपण घरातले जुने दगडी जाते डोळ्यांसमोर आणू. पहिला फेरा देताना हाताला जोर पडतो. जाते गतीला लागले की हात हलका होतो. मग फक्त घर्षणापुरता जोर लावावा लागतो. आणि फिरते जाते एकदम अडवू गेले तर मनगटाला हिसका बसतो. जात्याच्या ठायी जे जडत्व आहे तेच वेटोळ्याच्या ठायी प्रवाहाच्या बाबतीत आहे. त्याला प्रवर्तकत्व म्हणतात आणि ते हेन्री या एककात मोजतात. हे नाव 1893 साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने त्या शिक्षकाच्या स्मरणार्थ मान्य केले. प्रवाह वाढू लागला की वेटोळे वाढीला विरोध करते. कमी होऊ लागला की घटीला विरोध करते. स्थिर प्रवाहाला मात्र ते मुळीच हरकत घेत नाही. तेथे तारेचा रोध तेवढा उरतो आणि तो जात्याच्या घर्षणासारखा आहे.

आता थोडा हिशेब करू. दोन हेन्रीचे एक वेटोळे घ्या. त्याच्या तारेचा रोध सहा ओहम आणि त्याला जोडलेली बॅटरी बारा व्होल्टची. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह दोन अँपिअर व्हायला हवा. पण तो एकदम होत नाही. पहिल्या तृतीयांश सेकंदात तो सव्वा अँपिअरपर्यंत चढतो आणि दोन अँपिअरच्या अगदी जवळ यायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात. या अवधीत बॅटरीने दिलेल्या ऊर्जेचा काही भाग तारेत उष्णता होऊन गेला, पण काही भाग वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात शिल्लक पडला. प्रवर्तकत्व गुणिले प्रवाहाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे, हे या शिल्लकीचे सूत्र आहे. येथे ते चार ज्यूल येते. एक किलो वजन सुमारे चाळीस सेंटिमीटर उचलण्यापुरती ही ऊर्जा. प्रवाह दुप्पट केला तर ती चौपट होईल, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ही ऊर्जा तांब्यात नसून क्षेत्रात असते, हे ध्यानात आले म्हणजे कारागिरांची एक रीत उलगडते. चोकच्या लोखंडी गाभ्यात मुद्दाम एक बारीक फट ठेवतात. पाहणाऱ्याला तो दोष वाटावा. परंतु लोखंडात क्षेत्र सहज उभे राहते म्हणूनच तेथे ऊर्जा थोडी साठते आणि बहुतेक साठा त्या रिकाम्या फटीत राहतो.

आता आपल्या वेटोळ्याचा स्विच बंद करा. दोन अँपिअरचा प्रवाह एक सहस्रांश सेकंदात शून्यावर यावा असा आपण हट्ट धरला, तर वेटोळे चार हजार व्होल्ट उत्पन्न करील! बॅटरी तर बाराच व्होल्टची होती. हा दाब हवेलाही फाडतो आणि प्रवाह त्या वाटेने पुढे जातो. तीच आपली ठिणगी. साठा चारच ज्यूलचा. पण तो किती वेळात परत मागितला यावर तो निमूटपणे मिळणार की भडकून, हे ठरते.

मनुष्याने या स्वभावाचा उपयोगही करून घेतला आहे. पेट्रोल इंजिनातील इग्निशन कॉइल बारा व्होल्टच्या बॅटरीवर साठा करते आणि प्रवाह तोडताच वीस हजार व्होल्टच्या घरातील दाबाने स्पार्क प्लगवर ठिणगी पाडते. जुन्या ट्यूबलाइटमध्ये स्टार्टर उघडला की चोक असाच हिसका देऊन नळी पेटवीत असे आणि नंतर तोच चोक प्रवाहाला आवर घालीत असे. आपल्या मोबाइल फोनच्या चार्जरमध्येही एक वेटोळे सेकंदाला हजारो वेळा थोडी ऊर्जा घेते आणि पुढे देते.

परंतु जेथे ठिणगी नको असते तेथे काय करावे? वेटोळ्याशी समांतर एक डायोड असा जोडावा की, बॅटरी चालू असताना तो स्वस्थ बसेल आणि स्विच बंद होताच प्रवाहाला फिरण्यास वाट देईल. मग आपल्या उदाहरणातला प्रवाह तृतीयांश सेकंदाच्या हिशेबाने हळूहळू ओसरतो आणि चार ज्यूल तारेत निमूटपणे उष्णता होऊन जातात. काही पैशांचा हा जिन्नस महागडी उपकरणे वाचवतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचा रोध बॅटरी लावून मोजणाऱ्याने हाच नियम पाळावयाचा असतो. साठा आधी उतरू द्यावा, मगच तारा सोडवाव्या. तसे न केल्यास तो झटका जिवावर बेतू शकतो.

हा नियम मोठ्या प्रमाणावर मोडला तर काय होते, याचे उदाहरण जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत घडले. तेथील सत्तावीस किलोमीटर घेराच्या यंत्रात 1232 मुख्य वाकविणारे चुंबक आहेत. त्यांची वेटोळी अतिसंवाहक असल्यामुळे त्यांत रोध जवळजवळ नाही. पूर्ण प्रवाहाला अशा एका चुंबकात सत्तर लाख ज्यूल साठतात. साठा उतरविण्यासाठी डायोड आणि मोठाले रोधक यांची सोयही तेथे केलेली होती. तरीही 19 सप्टेंबर 2008 रोजी, प्रवाह 8,700 अँपिअरच्या आसपास असताना, दोन चुंबकांमधला एक सांधा तापून तुटला. मंडलात तेव्हा सुमारे साठ कोटी ज्यूल होते. प्रवाह थांबेना, त्याने त्या तुटलेल्या जागीच विजेची कमान केली, हीलियमचे आवरण फोडले आणि कित्येक टन हीलियम बाहेर पडला. पन्नासहून अधिक चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला. नियोजित वाटा होत्या. पण जेथे सांधा तुटला तेथे वाट नव्हती.

श्रोतेहो, चार ज्यूलच्या वेटोळ्यात आणि साठ कोटी ज्यूलच्या मंडलात सृष्टीने नियम एकच ठेवला आहे. वाहत्या प्रवाहापाशी साठा असतो आणि प्रवाह तोडणाऱ्याने त्या साठ्याची सोय आधी लावावयाची असते. आपण ती लावली नाही, तर तो स्वतःची वाट स्वतः काढतो. आणि ती कोठून काढावी हे तो आपल्याला विचारीत नाही. विद्युत्मंडल आखणाऱ्या प्रत्येक तरुणाने प्रवाह सुरू कसा होईल याच्याबरोबरच तो थांबेल कसा हेही कागदावर मांडावे, एवढीच आमची विनंती आहे.